सांडपाणी कोणत्या काठाचे?

जठारपेठेतल्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला आम्ही एक साधा प्रश्न विचारला. 'तुमच्या न्हाणीतले पाणी कुठे जाते?' 'नालीत', असे एका सुरात उत्तर आले. 'आणि नालीतले?' 'मोठ्या नाल्यात.' 'नाल्यातले?' इथे वर्ग थोडा अडखळला, पण मागच्या बाकावरून कुणीतरी 'मोर्णेत' असे सांगितले. 'आणि मोर्णेतले?' यावर एका मुलाने क्षणभर विचार करून उत्तर दिले, 'मंग ते आपलं नसते, सर.'

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण नंतर वाटले की या मुलाने सांडपाण्याच्या प्रश्नावर अचूक बोट ठेवले आहे. सांडपाणी नेमके कुठपर्यंत आपले असते? घराच्या उंबऱ्यापर्यंत, वॉर्डाच्या हद्दीपर्यंत, की नदीच्या काठापर्यंत? आणि पलीकडे राहणाऱ्यांशी आपले पटत नसेल तर? या लेखात आपण ते 'आपले नसलेले' पाणी जिथवर जाते तिथवर त्याच्या मागे जाणार आहोत. वाटेत थोडे रसायनशास्त्र लागेल, थोडे जीवशास्त्र लागेल, आणि एक प्रवास अकोल्याहून फार दूरच्या एका शहराचाही करावा लागेल.

आधी आपली नदी पाहू. मोर्णा पातूरच्या बाजूने येते आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत अकोला शहराचे दोन भाग करते. पश्चिम काठावर जुने शहर, असदगड किल्ला आणि राजराजेश्वराचे मंदिर. पूर्व काठावर ताजनापेठ, कचेऱ्या, आणि पुढे वाढत गेलेल्या जठारपेठेसारख्या वस्त्या. शहर ओलांडून ती पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला, आणि तापी गुजरातेत सुरतेजवळ समुद्राला. म्हणजे जठारपेठेतल्या न्हाणीतले पाणी वॉर्ड, शहर, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा सगळ्या हद्दी ओलांडते, आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने राजराजेश्वराला येते, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. शहर पूर्णेकडून काय आणते हे त्यांना माहीत आहे. शहर पूर्णेकडे काय पाठवते हे मात्र कुणी विचारलेले नसते.

किती पाठवते? भूमिगत गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे आपल्याकडचे अभियांत्रिकी प्रमाण आहे, आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. २०११ च्या जनगणनेत अकोल्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या घरात होती. तेव्हा गुणाकार मुलांनाच करू द्या: रोजचे साडेचार कोटी लिटर. (ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी आले आहे तिथे १३५ लिटर हा आकडा ऐकून घरची मंडळी हसतील, हे आम्हांला ठाऊक आहे. आकडा निम्म्यावर आणला तरी पुढचा मुद्दा बदलत नाही.)

आता या पाण्यात असते तरी काय? वजनाने पाहिले तर घरगुती सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. सगळा उपद्रव उरलेल्या दशांश टक्क्याचा. त्यात विष्ठा, अन्नाचे कण, साबण, तेल, माती असे सगळे येते. त्यातले जे सेंद्रिय आहे ते जिवाणूंचे अन्न आहे. जिवाणू ते खातात आणि खाताना, आपल्यासारखेच, ऑक्सिजन वापरतात. तो ऑक्सिजन ते पाण्यात विरघळलेल्या साठ्यातून घेतात. एक लिटर सांडपाण्यातले अन्न फस्त करायला जिवाणूंना पाच दिवसांत किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्या आकड्याला 'जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी' म्हणतात. बोलण्यात सगळे 'बीओडी' म्हणतात. कच्च्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो.

हा आकडा मोठा की लहान हे कळायला दुसरा आकडा हवा: स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन असतो किती? फारच थोडा. २० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात, ४० अंशाला साडेसहाच्याही आत. पाणी जितके गरम तितका ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि जिवाणूंची भूक मात्र उष्णतेने वाढते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात नद्या लवकर का नासतात याचे अर्धे उत्तर इथेच आहे. आता २५० बीओडीचे एक लिटर सांडपाणी घ्या आणि ३० अंशाच्या स्वच्छ नदीत ओता. २५० भागिले साडेसात, म्हणजे सुमारे तेहतीस. आपले एक लिटर पाणी नदीच्या तेहतीस लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकते. मासे जगायला लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी राहायला हवा, तेव्हा खरी गरज तेहतिसाच्या कितीतरी पट पाण्याची.

नदी काही गप्प बसत नाही. वाहता वाहता, खडकांवर आपटता आपटता ती हवेतून पुन्हा ऑक्सिजन घेते. म्हणजे एकीकडून जिवाणू खर्च करतात आणि दुसरीकडून हवा भरणा करते. या जमाखर्चाचे गणित अमेरिकेतल्या ओहायो नदीचा अभ्यास करताना स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये मांडले. सांडपाणी नदीत पडते त्या जागेपासून खाली खाली जात ऑक्सिजन मोजला आणि आलेख काढला, तर तो आधी उतरत जातो, एका जागी तळ गाठतो आणि मग हळूहळू वर चढतो. आलेखाला मध्येच खळी पडल्यासारखे दिसते.

या खळीचा तळ कुठे पडतो याकडे आमच्या मते वर्गात फारसे लक्ष दिले जात नाही. तो नाल्याच्या तोंडाशी पडत नाही, कारण जिवाणूंना वाढायला आणि खायला वेळ लागतो. पुष्कळ नद्यांत तो एक-दोन दिवसांच्या प्रवासानंतर पडतो. नदीचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर धरा. एका दिवसात पाणी जवळपास २६ किलोमीटर जाते. म्हणजे वरच्या गावाने सांडपाणी सोडावे आणि मासे मरावेत खालच्या गावात. वरचे गाव खरोखरच म्हणू शकते, 'आमच्याकडे नदी बरी आहे, तुमचे तुम्ही पाहा.' त्यात खोटेपणा नसतो, खळी तिथे दिसतच नाही. दोन शेजाऱ्यांत आधीच वितुष्ट असेल तर यावरून भांडण किती चांगले पेटेल याची कल्पना करा. एकाच नदीबद्दल दोघेही खरे बोलत आहेत, आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटतो आहे!

मोर्णेची गोष्ट मात्र याहून वेगळी आणि एका अर्थाने जास्त वाईट आहे. वरच्या अंगाला पातूर तालुक्यात धरण आहे, पावसाळा संपला की शहरात स्वच्छ पाणी जवळजवळ येतच नाही. जिच्यात मिसळायचे ती नदीच नाही. वाहते ते सांडपाणीच. वेगही नाही. म्हणून खळी दूर न जाता शहरातच मुक्काम ठोकते, आणि दोन्ही काठांच्या नाकाला सारखीच येते. अशा संथ, अन्नाने भरलेल्या पाण्यावर जलपर्णी माजते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचे खत. अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत ती पसारा दुप्पट करते. पाण्यावर तिची सलग चादर झाली की खाली उजेड जात नाही, हवेतला ऑक्सिजनही नीट उतरत नाही, आणि डासांची मात्र चैन होते.

जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकरांनी या जलपर्णीवर हात घातला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ तारखेला, चार किलोमीटरच्या टप्प्यात चौदा ठिकाणी दोन्ही काठांवर लोक उतरले. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरावर संस्था होत्या. २० तारखेला पुन्हा, आणि मग दर शनिवारी सकाळी हे काम करायचे ठरले. त्या महिन्याच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही त्याचा उल्लेख केला. या मोहिमेचे मोल आम्ही कमी मानत नाही. एरवी पूल ओलांडून पलीकडे न जाणारी माणसे एका चिखलात उभी राहिली, हे लहान काम नव्हे. पण विज्ञानशिक्षकाने इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. जलपर्णी काढली, तिचे खत येणे थांबले का? नाल्यांची तोंडे तशीच वाहती असतील तर उपसलेली जलपर्णी परत येणारच. तिचे बीही चिखलात वर्षानुवर्षे टिकते. नदी साफ करणे आणि सांडपाणी साफ करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले शनिवारी सकाळी होऊ शकते. दुसरे रोज, रात्रंदिवस, वीज खर्च करून करावे लागते. आणि ते दोन्ही काठांच्या नळ्या एका ठिकाणी नेल्याशिवाय होत नाही.

ते काम कसे होते हे थोडक्यात सांगायचे तर घरचे विरजण आठवा. १९१४ मध्ये मँचेस्टर शहरात आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. अन्न नाहीसे व्हायला काही आठवडे लागले. मग त्यांनी वरचे पाणी ओतून दिले, तळाचा गाळ ठेवला, त्यावर नवे सांडपाणी घातले आणि पुन्हा हवा दिली. या वेळी काम लवकर झाले. असे करत करत आठवड्यांचे काम काही तासांवर आले. गाळात भुकेल्या जिवाणूंची वसाहत तयार झाली होती; कालचे ताक आजच्या दुधाला लावावे तसा कालचा गाळ आजच्या पाण्याला लावायचा. आजची बहुतेक केंद्रे याच तत्त्वावर चालतात. आधी जाळ्यांतून चिंध्या-प्लास्टिक गाळायचे, वाळू बसू द्यायची, मग हौदात हवा द्यायची, गाळ खाली बसवायचा आणि वरचे निवळ पाणी सोडायचे. नदीत एक-दोन दिवस चालणारी आणि खालच्या गावाला भोगावी लागणारी ती ऑक्सिजनची खळी आपण आपल्या खर्चाने, आपल्या हौदात उरकून घेतो. अकोल्यासाठीही २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'अमृत' योजनेतून शिलोड्याला असे केंद्र बांधले गेले.

पण नळ्या एकत्र न्यायच्या म्हणजे काठाकाठांत काही एक समजूत लागते. आणि इथे गप्प राहून चालणार नाही. १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात दंगल उसळली, एक जीव गेला, संचारबंदी लागली. त्या दिवसांतही दोन्ही काठांच्या नाल्या नेहमीसारख्या मोर्णेत येऊन मिळतच होत्या. माणसांची ये-जा थांबते तेव्हा सांडपाण्याचे काय करायचे, हा प्रश्न जगात एका शहराला आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला. त्याची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचे बेट आहे. तिथे ग्रीक बोलणारे आणि तुर्की बोलणारे असे दोन समाज राहतात. निकोसिया ही राजधानी. १९६३ च्या डिसेंबरात दोन समाजांत रक्तपात सुरू झाला तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तिचे नाव 'हिरवी रेषा' असेच पडले. १९७४ मध्ये आधी सत्तापालटाचा कट झाला, पाठोपाठ तुर्कस्तानचे सैन्य उतरले, आणि ती रेघ काटेरी तारांची, वाळूच्या पोत्यांची, संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्याची पट्टी झाली. हजारो लोक घरे सोडून इकडून तिकडे गेले. यापुढे जवळजवळ तीस वर्षे सामान्य माणसाला शहराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मोकळेपणाने जाता आले नाही.

या सगळ्याच्या आधी, शहर अखंड असताना, भूमिगत गटारांची योजना हाती घेतली गेली होती. जमिनीचा उतार पाहून तिची आखणी झाली. तिथली पेदिएओस नदी दक्षिणेकडच्या डोंगरातून येते, शहरातून जाते आणि ईशान्येला वळते. तुर्की बोलणारे तिला कान्लीदेरे म्हणतात. गटारे नदीच्याच उताराने जाणार, म्हणून शुद्धीकरणाची जागा ईशान्येला, मिया मिलिया गावाजवळ ठरली. काम अर्धवट असतानाच १९७४ आले. आता नळ्यांचे मोठे जाळे दक्षिणेकडे, ग्रीक भागात. आणि त्या नळ्या जिथे रिकाम्या व्हायच्या ती जागा उत्तरेकडे, तुर्की भागात. एकाकडे भांडे, दुसऱ्याकडे झाकण. दक्षिणेकडच्यांना नळ्या असून वापरता येत नव्हत्या, आणि उत्तरेकडच्या घरांनाही शोषखड्ड्यांपासून सुटका हवीच होती.

दक्षिणेकडचे महापौर होते लेलॉस डिमिट्रियाडिस, पेशाने वकील. उत्तरेकडचे मुस्तफा अकिंजी, वास्तुशिल्पी. १९७८ च्या सुमारास हे दोघे संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने बोलायला बसले. अडचण पाण्याची कमी आणि मानाची जास्त होती. दक्षिणेकडचे सरकार उत्तरेकडची सत्ता मानतच नव्हते. मग करार कोणी कोणाशी करायचा? तोड अशी निघाली की कुणी कुणाच्या पदाला मान्यता द्यायची नाही. दोघांनी आपापल्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून बसायचे आणि बोलायचे ते फक्त गटारांविषयी. बेट कोणाचे, सैन्य कधी जाणार, घरे परत मिळणार का, हे प्रश्न त्या टेबलावर आणायचे नाहीत. १९८० च्या सुमारास दोन्ही बाजूंचे सांडपाणी मिया मिलियाच्या तळ्यांत जाऊ लागले. बोलणी एकदा सुरू झाली होती, तेव्हा १९७९ मध्ये दोघांनी साऱ्या शहराचा एकत्र आराखडा करायचेही ठरवले.

काळाचा हिशेब करून पाहा. रेषा ओलांडायची मुभा सामान्य लोकांना २३ एप्रिल २००३ ला मिळाली. म्हणजे माणसांच्या आधी तेवीस वर्षे सांडपाणी सीमा ओलांडत होते. पुढे तळी अपुरी पडू लागली. तेव्हा युरोपीय संघ आणि निकोसियाचे मलनिःसारण मंडळ यांच्या पैशातून त्याच जागी नवे केंद्र उभे राहिले. २०१३-१४ मध्ये ते चालू झाले. रोज तीन कोटी लिटर पाणी घेण्याची त्याची ताकद आहे, आणि शेवटी ते पाणी एक मायक्रॉनपेक्षाही बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळले जाते, त्यामुळे बहुतेक जिवाणू अलीकडेच अडकतात. असे पाणी शेतीला देता येते.

सायप्रसचा तंटा यातून मिटला का? नाही. शहर अजून विभागलेलेच आहे. अकिंजी २०१५ ते २०२० या काळात तुर्की सायप्रसवासीयांचे नेते होते, तरीही तडजोड झाली नाही. गटारामुळे शांतता येते असे कुणी सांगू लागले तर आम्ही निकोसियाकडेच बोट दाखवू. पण शांतता नसतानाही गटार चालते, हे त्याच शहराने दाखवले आहे.

सहकार्याची दुसरी तऱ्हाही जगात आहे. नाब्लुस आणि तुलकर्म या पॅलेस्टिनी शहरांचे सांडपाणी ओढ्यावाटे उतरून इस्राएलमध्ये अलेक्झांडर नदीत जाते. इस्राएलने आपल्या हद्दीत ते शुद्ध करण्याची सोय केली आणि खर्च पॅलेस्टिनींच्या वतीने आपण गोळा करत असलेल्या करांतून वळता करून घेतला. पाणी काही अंशी साफ झाले. पण ज्याच्या वाट्याचे पैसे न विचारता कापले जातात त्याला ते सहकार्य वाटत नाही, आणि शुद्ध झालेले पाणीही पलीकडेच वापरले जाते. निकोसियात दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती. इथे गरज एकाची आणि पैशाची थैली दुसऱ्याच्या हाती. दोन्ही ठिकाणी उतार तोच काम करतो, फरक फक्त टेबलावर कोण कोण बसले याचा.

आपल्या राज्यात सैन्य आणि तारा नाहीत, तरी उताराचे भांडण आहेच. पंचगंगेकाठी वर कोल्हापूर, खाली इचलकरंजी, त्याखाली शिरोळ तालुका, मग नृसिंहवाडीला कृष्णा आणि पुढे कर्नाटक. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली तेव्हा बोट वरच्या अंगाला गेले. पण खुद्द इचलकरंजीचे कापड-प्रक्रिया उद्योगांचे पाणी शिरोळकडे जाते. नदीवर प्रत्येक जण कुणाच्या तरी वर आणि कुणाच्या तरी खाली असतो. पुढे या शहराने पिण्याच्या पाण्यासाठी वारणेकडे पाहिले तर दानोळीच्या लोकांनी विरोध केला, दूधगंगेकडे पाहिले तर तिकडच्या गावांनी. आपल्या दारची नदी नासली की माणूस शेजाऱ्याच्या नदीकडे वळतो आणि एक नवा तंटा सुरू होतो.

अकोल्याला हे ओळखीचे वाटेल. शहराची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर भागेना, तेव्हा तेल्हारा तालुक्यातल्या वान धरणाचे पाणी शहरासाठी राखण्याचा विषय आला, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. शहर म्हणते प्यायला हवे, शेतकरी म्हणतो ओलीत मोडेल. दोघांचेही खरे. या भांडणात शहराच्या हातात देण्यासारखे काही आहे का, असा विचार केला तर उत्तर पुन्हा नालीपाशीच येते. शहराने घेतलेल्या पाण्यापैकी ८० टक्के पाणी वापरून झाल्यावरही पाणीच असते. शुद्ध केले तर ते कुणाच्या तरी उपयोगाचे आहे. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात असे आहे की शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांनी तेच पाणी वापरावे. नागपूर महापालिकेने भांडेवाडीचे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचा करार २००८ मध्येच केला होता. अकोल्यापासून पारसचे वीजकेंद्र या अंतरात सहज बसते. वीजकेंद्र जेवढे शुद्ध केलेले पाणी घेईल, तेवढे ताजे पाणी दुसऱ्या कुणाला तरी उरते.

शेतीला थेट द्यायचे झाले तर मात्र आमच्याकडे एक काळजी आहे. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा तुम्हांला माहीत आहेच; विहिरीचे पाणी खारट, आणि काळ्या जमिनीत सोडियम. घरगुती सांडपाण्यात साबणाचे आणि मिठाचे सोडियम असते, आणि जिवाणू ते खात नाहीत. बीओडी उतरला तरी सोडियम तसाच राहतो. काळी माती त्याने फुगते, चिकट होते, पाणी मुरू देत नाही. तेव्हा या पट्ट्यात असे पाणी देण्याआधी मातीची आणि पाण्याची दोन्हींची तपासणी हवी. नाहीतर एका शेजाऱ्याला शांत करताना दुसऱ्याची जमीन जायची.

आता वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. दूध डेअरीत गेले की त्यात निळा रंग टाकून ते किती वेळात पांढरे होते ते पाहतात, हे काही मुलांनी पाहिले असेल. तो रंग म्हणजे मिथिलीन ब्लू. हीच कसोटी सांडपाण्यालाही जुन्या काळापासून लावत आले आहेत. पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर रंग निळा राहतो. जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला की ते इलेक्ट्रॉन या रंगाला देऊ लागतात आणि रंग नाहीसा होतो. जितके अन्न जास्त तितका रंग लवकर जातो. बीओडीचा नेमका आकडा यातून मिळत नाही, पण कोणते पाणी जास्त नासलेले हे कळते.

शाळेच्या प्रयोगशाळेत नसेल तर मिथिलीन ब्लू शोभेच्या माशांच्या दुकानातही मिळते. पन्नास मिलिग्रॅम भुकटी शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवा. (दुकानातला रंग पातळ केलेला असेल तर थेंब अंदाजाने वाढवा, पण सर्व बाटल्यांत सारखेच घाला.) पाव लिटरच्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरून प्रत्येकीत पंधरा थेंब टाका, आत बुडबुडा न राहील असे बूच लावा आणि सर्व बाटल्या एकाच अंधाऱ्या कपाटात ठेवा. एका बाटलीत नळाचे पाणी, एकीत शाळेमागच्या नालीचे, एकीत तेच पण उकळून गार केलेले, आणि दोन-तीन बाटल्यांत नदीच्या वेगवेगळ्या ठिकाणचे. नमुने शिक्षकांनीच हातमोजे घालून घ्यावेत, मुलांनी नालीत हात घालू नये, तोंडाने पिपेट ओढू नये. दर तासाला पाहून नोंद करा. नालीचे पाणी वऱ्हाडच्या उकाड्यात काही तासांतच रंग सोडेल. उकळलेले मात्र बराच वेळ निळे राहील, कारण खाणारेच मेले आहेत. मुलांनी हे स्वतः ओळखावे यासाठी थोडे थांबा. रंग गेलेल्या बाटलीतले अर्धे पाणी ओतून ती नीट बूच लावून जोरात हलवा: हवा मिसळते आणि निळा रंग परत येतो. हा क्षण मुलांना फार आवडतो.

दोन काठांवरच्या दोन शाळांनी हा प्रयोग मिळून केला तर आम्हांला जास्त आनंद होईल. तेव्हा बाटल्यांवर ठिकाणाचे नाव घालू नका, फक्त क्रमांक घाला, आणि कोणता क्रमांक कुठला याची यादी तिसऱ्याच शाळेतल्या शिक्षकाकडे बंद पाकिटात ठेवा. दोन्ही शाळांनी आपापल्या नोंदी फळ्यावर लिहिल्यावरच पाकीट फोडायचे. 'घाण तुमच्याकडून येते' हे वाक्य पाकीट फुटण्याआधी कुणाला म्हणता येत नाही, आणि फुटल्यानंतर ते म्हणण्याआधी पुरावा पाहावा लागतो. एकदा फेब्रुवारीत करा आणि एकदा सप्टेंबरात, नदीला पाणी असताना. दोन्ही वेळचे तक्ते शेजारी शेजारी लावा. आणि उरलेले नमुने शाळेच्या बागेत किंवा मोरीत न ओतता संडासात ओता, बाटल्या उकळत्या पाण्याने धुवा, आणि मुलांसकट सर्वांनी साबणाने हात धुवा.